अठरा मिलीमीटरची फळी, दशांश मिलीमीटरचा रंग

स्वयंपाकघरातली कपाटं कळकट दिसायला लागली की घरात पहिलं वाक्य ऐकू येतं ते म्हणजे ‘आता हे सगळं काढूनच टाकू’. दारांचा पांढरा रंग पिवळट झालेला असतो, मुठींभोवती काळपट वलय धरलेलं असतं, शेगडीच्या वरच्या कपाटाला हात लावला तर बोटं चिकटतात. मग सुतार येतो, मॉड्युलर किचनच्या दुकानातून मोजमाप घ्यायला माणूस येतो आणि चांगली शाबूत फळी भंगारात जाते.

या तक्रारी एकेक करून पाहिल्या, तर जवळजवळ सगळ्याच दाराच्या पृष्ठभागाबद्दल असतात. खण वाकले, सांधे सुटले, दार लागतच नाही, अशा तक्रारी फार थोड्या. कपाटाची फळी साधारण १८ मिलीमीटर जाड असते. इनॅमल रंगाचा एक हात वाळल्यावर त्याची जाडी ३० ते ४० मायक्रॉन भरते. अस्तर आणि वरचे दोन हात मिळून साधारण दशांश मिलीमीटरचा थर होतो. म्हणजे वरच्या दशांश मिलीमीटरकडे पाहून आपण खालच्या अठरा मिलीमीटरना निकालात काढतो.

हिशेब करून पाहू. दहा फूट लांबीचा ओटा, त्याखाली कपाटं आणि वर भिंतीला तेवढीच लांब कपाटं धरली, तर बाजू, तळ, पाठ, फळ्या आणि दारं मिळून दोनशे चौरस फुटांच्या आसपास लाकूड लागतं. आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडचे हे किमान सहा-सात ताव झाले. १८ मिलीमीटरचा एक ताव तीस किलोच्या घरात जातो. याउलट त्या सगळ्या दारांच्या दोन्ही बाजू मिळून सुमारे ९० चौरस फूट होतात आणि त्यांना दोन हात द्यायला दोन लिटरपेक्षा कमी रंग पुरतो. एका पारड्यात दोनशे किलो लाकूड, दुसऱ्यात दोन लिटर रंग.

भिंतीत पक्की बसवलेली, ठरावीक मापाची कपाटं ही कल्पना शंभर वर्षांपूर्वीची आहे. जर्मनीत फ्रँकफुर्ट शहरात अर्न्स्ट माय यांच्या देखरेखीखाली कामगारवर्गासाठी मोठी घरबांधणी सुरू होती. त्यासाठी मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी १९२६ मध्ये एक आटोपशीर स्वयंपाकघर आखलं आणि अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. त्यांतली कपाटं रंगवलेल्या लाकडाची होती. निळ्या रंगावर माश्या बसत नाहीत अशी तेव्हा समजूत होती, म्हणून अनेक कपाटांना निळसर हिरवा रंग दिलेला होता. पुढे नूतनीकरणाच्या लाटेत बहुतेक उखडली गेली. वाचलेल्यांपैकी एक आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जपून ठेवलेलं आहे. घरांमधून ती काढली गेली, पण रंगवलेलं लाकूड किती टिकतं ते या उरलेल्या कपाटांवरून दिसतं.

आधी कपाट ओळखा

रंगाचा डबा आणण्याआधी कपाट कशाचं आहे ते कळायला हवं. त्यासाठी मूठ काढून तिच्या स्क्रूच्या भोकात टॉर्च मारून पाहावं. एकावर एक आडवे थर दिसले तर ते प्लायवूड. बारीक, एकसारखा, तपकिरी भुसा दाबल्यासारखं दिसलं तर एमडीएफ. लाकडाचे जाडेभरडे कपचे दिसले तर पार्टिकल बोर्ड. आणि सलग रेषांचं, तेलकट वासाचं लाकूड दिसलं तर बहुधा सागवान.

सागवानी दारं हाती लागली तर रंगाऐवजी पॉलिशचा विचार आधी करावा. जुन्या सागाचा पोत झाकण्यात फारसं शहाणपण नाही. शिवाय सागात नैसर्गिक तेल असतं. त्यामुळेच तो वाळवीला आणि पाण्याला दाद देत नाही, पण त्याच तेलामुळे रंग नीट धरत नाही आणि लवकर वाळतही नाही. सागावर रंगच द्यायचा ठरला, तर घासून झाल्यावर लगेच थिनरच्या फडक्याने पुसून, ते तेल पुन्हा वर येण्याआधी अस्तर मारावं.

प्लायवूडवर बहुतेक वेळा सनमायका असतो. हे लॅमिनेट म्हणजे फिनॉलच्या राळेत भिजवलेले जाड कागद आणि त्यांवर मेलामाइनच्या राळेतला नक्षीचा कागद. उष्णता आणि प्रचंड दाब देऊन त्याचा साधारण एक मिलीमीटरचा पत्रा बनवतात. या जातीचं पहिलं प्रसिद्ध उत्पादन १९१२-१३ च्या सुमारास अमेरिकेत हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओ’कॉनर यांनी काढलं ते विजेच्या उपकरणांत अभ्रकाच्या जागी वापरण्यासाठी. काहीही आत शिरू नये हाच त्याचा गुण होता. म्हणून सनमायक्यावर साधा वुड प्रायमर आणि त्यावर इनॅमल मारलं, तर महिन्याभरात नखाने सोलून निघतं. रंगाला आत शिरायला वाव नसतो, फक्त वर चिकटून राहावं लागतं. त्यासाठी वेगळं अस्तर लागतं, त्याबद्दल पुढे.

तिसरा प्रकार एमडीएफवर प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवलेल्या मेम्ब्रेन दारांचा. शेगडीजवळच्या दारांचा पापुद्रा उष्णतेने कडेला सुटतो आणि दार खराब झालं असं वाटतं. खरं तर तो पापुद्रा गरम हवेने मऊ करून पूर्ण सोलून काढला, की खाली रंगासाठी उत्तम, गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. अर्धवट सुटलेल्या पापुद्र्यावर मात्र रंग देऊ नये.

रंगाने जे झाकू नये

काही कपाटं बदलावीच लागतात, आणि ती कोणती हे प्रामाणिकपणे पाहायला हवं. सिंकखालचं पार्टिकल बोर्ड पाणी पिऊन फुगलं असेल, तर वाळल्यावरही ते मूळ जाडीवर येत नाही. त्यातले कपचे एकमेकांपासून सुटलेले असतात. प्लायवूडचे थर कडेला पुस्तकाच्या पानांसारखे सुटले असतील, तर आतला डिंक गेलेला आहे. साध्या प्लायवूडमध्ये युरिया-फॉर्माल्डिहाइडचा डिंक असतो, तो सततच्या ओलीत टिकत नाही. आय.एस. ७१० या मानकाच्या मरीन प्लायवूडमध्ये फिनॉल-फॉर्माल्डिहाइड असतं आणि त्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. सिंकखालचा एवढा एक खण या प्लायवूडचा नवा करून घेतला आणि बाकी सगळं रंगवलं, तरी काम होतं.

फळीवर बोटाच्या पेराने ठोकून पाहावं. आवाज पोकळ आला, किंवा खणात पिठासारखा बारीक भुसा सापडला, तर आधी वाळवी किंवा भुंग्याचा बंदोबस्त करावा. कीड लागलेल्या फळीवर रंग दिला तर ती काही काळ दिसत नाही, एवढंच.

चिकटा म्हणजे अर्धवट रंगच

आता या कामाचा खरा गाभा. शेगडीवरच्या कपाटाचा चिकटा साध्या साबणाने का निघत नाही? रंग कसा वाळतो ते समजलं की याचं उत्तर मिळतं.

तेलरंगाचं मूळ जवसाच्या तेलात आहे. आपल्या विदर्भात पिकतो तोच जवस. हे तेल पाण्यासारखं उडून जाऊन वाळत नाही. त्यातली मेदाम्लं हवेतला प्राणवायू घेतात, रेणू एकमेकांना सांधले जातात आणि पातळ तेलाचं एक सलग, घट्ट जाळं तयार होतं. हा पापुद्रा म्हणजेच वाळलेला रंग. या क्रियेत उष्णता निर्माण होते. म्हणूनच जवसाच्या तेलात भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली, तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. अशी फडकी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

सूर्यफूल, सोयाबीन, करडई ही आपली रोजची तेलं याच कुळातली, फक्त कमी वेगाने वाळणारी. करडईच्या आणि सोयाबीनच्या तेलापासून रंगासाठी लागणाऱ्या राळाही बनवतात. आपल्याकडे दिवसातून दोन-तीनदा फोडणी होते, मधूनच तळण असतं. कढईतून उठलेले तेलाचे सूक्ष्म थेंब दारांवर बसतात, शेगडीच्या उबेत प्राणवायू घेऊ लागतात आणि अर्धवट सांधले जातात. ते पूर्ण वाळत नाहीत आणि पातळही राहत नाहीत. त्यावर धूळ, पीठ, मसाला बसतो. कपाटावरचा चिकटा असा नकळत, वर्षानुवर्षं चढलेला अर्धवट रंग असतो.

साबण पातळ तेल उचलतो, पण सांधलेलं जाळं त्याला सुटत नाही. ते तोडायला अल्कली लागते. धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, दोन मोठे चमचे लिटरभर कोमट पाण्यात विरघळवून हातमोजे घालून पुसावं. सोडा तेलाच्या रेणूतले बंध तोडतो आणि त्याचाच साबण करतो. फडकं फिरवल्यावर पृष्ठभाग आधी बुळबुळीत होतो आणि मग करकरीत, ती हीच क्रिया. कपाटाच्या वरची कड, मुठीच्या मागची जागा आणि बिजागरीजवळचा पट्टा या तीन ठिकाणी दोनदा पुसावं.

मात्र सोड्याचं पाणी दारावर मुरत ठेवू नये. जुन्या इनॅमलचा पापुद्राही तशाच बंधांनी बांधलेला असतो, तोही मऊ पडतो. लगेच स्वच्छ पाण्याने दोनदा पुसून दार पूर्ण वाळू द्यावं. झालं की नाही ते पाहण्याची सोपी खूण आहे. दार आडवं ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडावा. थेंब गोळा होऊन बसला तर तेल किंवा मेण अजून शिल्लक आहे. पसरला तर पृष्ठभाग तयार आहे. फर्निचर चकचकीत करणारं सिलिकॉनचं पॉलिश कधी वापरलं असेल, तर ही परीक्षा फार महत्त्वाची. सिलिकॉनच्या थेंबावरून रंग मागे सरतो आणि वाळल्यावर गोल खळगे दिसतात.

घासणं आणि जुन्या रंगातलं शिसं

पॉलिश पेपरचा नंबर जितका मोठा, तितका तो बारीक. जुना रंग आणि सनमायका यांच्यासाठी १८० किंवा २२० नंबर पुरतो. जुना थर काढून टाकायचा नसतो, फक्त त्याची चकाकी मारायची असते. खिडकीच्या उजेडात दार तिरकं धरून पाहावं. जिथे चमक दिसते तिथे पेपर लागलेला नाही. पेपरच्या बारीक ओरखड्यांमुळे रंगाला धरायला जागा मिळते, म्हणून सनमायक्याच्या बाबतीत ही पायरी टाळून चालतच नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायला हवी. जुन्या इनॅमल रंगांत शिशाची संयुगं सर्रास असत. पिवळ्या, नारिंगी, लाल आणि हिरव्या छटांत ती विशेष असत. घरगुती रंगांतलं शिसं दर दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं असा नियम भारत सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर त्याची धूळ घरभर उडते. लहान मुलं जमिनीवर खेळतात आणि हात तोंडात घालतात. शिसं मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करतं आणि ती इजा भरून येत नाही. म्हणून जुनं इनॅमल नेहमी वॉटर पेपरने, पाणी लावून घासावं. मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी दुसरीकडे ठेवावं. खाली प्लॅस्टिक अंथरावं, चिखल ओल्या फडक्याने उचलावा, झाडू मारू नये. दिवटीने किंवा ज्योतीने रंग जाळून काढण्याची पद्धत तर पूर्ण सोडून द्यावी.

अस्तर, लांबी, हात

रंगारी मंडळींच्या बोलण्यात कामाचा क्रमच आहे: अस्तर मारायचं, लांबी भरायची, घासायचं, पुन्हा अस्तर आणि मग हात द्यायचे.

दारं जागेवर ठेवून रंगवू नयेत. बिजागऱ्या सोडवून प्रत्येक दार काढावं आणि बिजागरीच्या खळग्यात नंबर लिहिलेली चिकटपट्टी लावावी. उभ्या दारावर रंग ओघळतो. टेबलावर आडवं ठेवलं तर तो स्वतःच समपातळीत येतो. दाराच्या दोन्ही बाजूंना सारखेच थर द्यावेत. एकच बाजू बंद केली तर उघडी बाजू पावसाळ्यात ओल घेते, फुगते आणि दार वाकतं.

अस्तराची निवड पृष्ठभागावर ठरते. उघड्या लाकडावर वुड प्रायमर. सनमायक्यावर दोन डब्यांतून मिसळायचा इपॉक्सी प्रायमर किंवा गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा खास प्रायमर. लाकडातून तपकिरी डाग वर येत असतील तर लाखेचं अस्तर. लाख त्या डागांना वर येऊ देत नाही.

सगळ्या दारांवर अस्तर मारण्याआधी एका दाराच्या आतल्या कोपऱ्यात ते लावून पूर्ण वाळू द्यावं. मग ब्लेडने आडव्याउभ्या बारीक चिरा पाडून चौकटी कराव्यात, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्याने ओढावी. रंगाच्या कारखान्यातही पकड तपासण्याची हीच पद्धत वापरतात. पट्टीबरोबर चौकटी सुटून आल्या तर धुण्यात किंवा घासण्यात कसर राहिली आहे. ती एका कोपऱ्यात कळलेली बरी.

लांबी फक्त खळगे आणि जुन्या मुठींची भोकं भरण्यापुरती असावी. जाड लांबी तडकते. वाळल्यावर २२० नंबरने घासून, पुसून, पुन्हा अस्तर मारून मग पहिला हात द्यावा. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात केव्हाही चांगले, कारण इनॅमल वरून आत वाळत जातं. जाड थराची साय वर धरते आणि खाली रंग ओलाच राहतो. दोन हातांच्या मध्ये ३२० नंबरचा पेपर हलकेच फिरवावा.

फवारून दिलेला दोन घटकांचा पीयू रंग दिसायला सर्वांत सुंदर आणि टिकाऊ, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याचे तुषार फुप्फुसांना घातक असतात. ते काम दारं कारखान्यात नेऊन, योग्य मुखवटा वापरणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्यावं. घरच्या घरी पाण्यात मिसळणारं इनॅमल आणि स्पंजाचा छोटा रोलर हीच जोडी सुरक्षित.

हवा, उजेड आणि हळद

आपल्याकडे रंगकाम दसरा-दिवाळीच्या तोंडावर निघतं. त्या वेळी लाकूड चार महिन्यांची ओल पिऊन फुगलेलं असतं. तेव्हा रंगवलेल्या चौकटीच्या दारांत थंडीत लाकूड आकसलं की सांध्यावर बिनरंगाची बारीक रेघ उघडी पडते. मुंबई, कोकण, गोवा या दमट पट्ट्यात तर डिसेंबर ते मार्च हाच उत्तम काळ. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर पाण्याचा रंग नीट वाळत नाही, आणि भर पावसाळ्यात मारलेल्या लॅकरवर पांढरट झाक येते. द्रावण झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतलं बाष्प त्यावर जमतं, हे त्याचं कारण.

जवस आणि तत्सम तेलांच्या राळेवर बनलेलं पांढरं इनॅमल अंधारात पिवळं पडतं, हेही लक्षात ठेवावं. वीस वर्षांचं एखादं दार उघडून पाहा. खिडकीकडची बाजू बरीचशी पांढरी असते आणि आतली बाजू पिवळी. पांढरा रंग हवाच असेल तर अॅक्रिलिकच्या पाण्यातल्या इनॅमलकडे वळावं, ते असं पिवळत नाही.

पूर्ण मॅट रंग स्वयंपाकघरात घेऊ नये. त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म छिद्रांचा असतो आणि त्यात हळद मुरते. हळदीचा डाग साबणाने पुसला की लालसर होतो, कारण तिच्यातलं कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलतं. घाबरून घासत बसू नये. स्वच्छ पाण्याने पुसून दाराला चांगलं ऊन लागू द्यावं. कर्क्युमिन उजेडात विरतं आणि डाग फिका पडत जातो. निम्मी चकाकी असलेला रंग पुसायलाही सोपा आणि जुन्या दारांचे उंचसखल भागही तो फार उठवून दाखवत नाही.

शेवटचा महिना, पुढची वर्षं

हाताला कोरडा लागलेला रंग पक्का झालेला नसतो. दारं बसवण्याआधी दोन-तीन दिवस थांबावं. पूर्ण कडकपणा यायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर दारांवर ओली फडकी वाळत घालू नयेत, सोड्याचं पाणी लावू नये आणि दार जिथे चौकटीला टेकतं तिथे रबराचे छोटे ठिपके चिकटवावेत, म्हणजे रंग रंगाला चिकटणार नाही.

काम रंगाऱ्याकडे द्यायचं असेल तर छटेच्या आधी त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: धुणार कशाने, घासणार किती आणि अस्तर कोणतं मारणार. या तिन्हींची उत्तरं नीट देणाऱ्या कारागिराने दिवस जास्त सांगितले तरी त्याच्याशी घासाघीस करू नये. आपण पैसे मोजतो ते या दिवसांचेच. डब्यातला रंग तर सगळ्यांचा सारखाच असतो.

असं केलेलं काम दुसऱ्यांदा करायची वेळ आली की फार सोपं जातं. घट्ट धरलेलं अस्तर खाली असतं, म्हणून धुवायचं, हलका पेपर फिरवायचा आणि एक-दोन हात द्यायचे, एवढंच उरतं. एकदा तयारीवर मेहनत घेतली की तेच कपाट आणखी एक-दोन पिढ्या वापरता येतं आणि दर वेळी लागतो तो जेमतेम दोन लिटर रंग.